खेळण्यांच्या रचनेतून साध्या यंत्रांचे शिक्षण

देशाच्या अनेक भागांत जत्रांच्या दिवसांत एक छोटी गाडी विकावयास येते. मातीची दोन चाके, बांबूच्या कामट्या, कागद ताणून बसविलेली मातीची वाटी, एक-दोन काड्या आणि थोडा दोरा एवढेच तिचे साहित्य. मुलाने दोरी धरून ती ओढली की चाकांबरोबर आस फिरतो, आसावरील खुंटी काडीचे एक टोक दाबून सोडते, दोऱ्याला दिलेल्या पिळामुळे काडी परत कागदावर आपटते आणि टकटक असा आवाज सुरू होतो. ही गाडी बनविणाऱ्या कारागिराने ‘चाक व आस’ किंवा ‘तरफ’ हे पाठ शाळेत गिरविलेले असतीलच असे नाही. परंतु त्या दोहोंचे गुणधर्म त्याच्या हाताला पुरते ठाऊक असतात. याउलट साध्या यंत्रांचे प्रकार, व्याख्या आणि उदाहरणे मुखोद्गत असलेल्या विद्यार्थ्यापुढे ही गाडी ठेवून ‘यातील तरफेचा टेकू दाखव’ असे म्हटले, तर तो बहुधा गोंधळतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर खेळणी-आधारित अध्यापन हा शब्दप्रयोग शासकीय दस्तऐवजांत आणि शिक्षक पात्रता परीक्षांच्या तयारीतही स्थिरावला आहे. त्याचे स्वागतच करावयास हवे. मात्र त्यातील एक प्रश्न सहसा विचारला जात नाही : खेळण्याची रचना कोणी करावयाची? तयार खेळणे मुलाच्या हाती दिले तर त्याला आनंद मिळतो, काही निरीक्षणेही घडतात. परंतु यंत्र समजते ते मुख्यतः स्वतः बनविलेले खेळणे चालत नाही तेव्हा, आणि ते का चालत नाही याचा शोध मुलालाच घ्यावा लागतो तेव्हा. वर्गातील नियोजन या मुद्द्यावर बेतले नाही, तर खेळणी-आधारित अध्यापन हा केवळ साहित्यखरेदीचा एक नवा शीर्ष ठरण्याचा संभव आहे.

संकल्पना आणि नेहमीचे गोंधळ

बलाचे परिमाण, त्याची दिशा किंवा ते लावण्याचे ठिकाण बदलून काम सोयीचे करणारी, फार थोडे भाग असलेली रचना म्हणजे साधे यंत्र. तरफ, चाक व आस, कप्पी, उतरण, पाचर आणि मळसूत्र म्हणजेच स्क्रू असे सहा प्रकार मानण्याची परंपरा युरोपातील प्रबोधनकाळात रूढ झाली. त्यापूर्वी इसवी सनाच्या पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पाच यंत्रे सांगितली होती. उतरण त्याच्या यादीत नव्हती. सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर गॅलिलिओने या सर्वांमागील समान तत्त्व स्पष्ट केले. यंत्र काहीही फुकट देत नाही; बलात जेवढी बचत होते तेवढी किंमत अंतरात मोजावी लागते. भाराला बलाने भागले असता येणाऱ्या संख्येस यांत्रिक लाभ म्हणतात.

येथेच पहिला गोंधळ होतो. यंत्रामुळे नेहमीच कमी बल लागते, असे पुष्कळ विद्यार्थी गृहीत धरतात. चिमट्याने पापड भाजताना आपण निखाऱ्यापासून हात दूर ठेवतो आणि पापड अलगद पकडतो, पण बलाची बचत मुळीच होत नाही; उलट अधिक बल लावावे लागते. चिमटा ही तिसऱ्या प्रकारची तरफ असून तिचा यांत्रिक लाभ एकापेक्षा कमी असतो. चरख्याचे मोठे चाक लहान चातीला फिरविते, तेव्हाही बल गमावून वेग मिळविलेला असतो.

दुसरा गोंधळ अधिक सूक्ष्म आहे. गाडीचे सुटे फिरणारे चाक हे ‘चाक व आस’ या साध्या यंत्राचे उदाहरण म्हणून सर्रास दिले जाते. खरे तर ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या चाकाचे मुख्य काम घर्षण कमी करणे हे आहे. मूठ फिरवून दोरी गुंडाळणाऱ्या रहाटात मात्र मूठ आणि रोळ एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. मुठीची त्रिज्या ६ सेंटिमीटर आणि रोळाची १ सेंटिमीटर असेल, तर घर्षण सोडून दिल्यास भाराच्या एकषष्ठांश बल पुरते. मात्र भार १ सेंटिमीटर वर येण्यासाठी हाताला ६ सेंटिमीटर अंतर कापावे लागते.

हलणारे प्रत्येक खेळणे साध्या यंत्राचे उदाहरण नसते, हेही सांगावयास हवे. भोवरा उभा राहतो तो फिरण्याच्या गुणधर्मामुळे. कलंडवली तरी पुन्हा उभी राहणारी तंजावरची बाहुली गुरुत्वमध्याची गोष्ट सांगते, तरफेची नव्हे. दोन्ही खेळणी उत्तम आहेत. फक्त त्यांचा पाठ वेगळा आहे.

न चालणाऱ्या गाडीपासून प्रारंभ

इयत्ता दुसरी-तिसरीच्या मुलांना पुठ्ठ्याचे खोके, बाटल्यांची चार झाकणे, खराट्याच्या काड्या आणि चिकटपट्टी द्यावी आणि एवढेच सांगावे की फळ्याचे डस्टर वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत वाहून नेणारी गाडी हवी आहे. आकृती काढून दाखवू नये. बहुतेक गट काड्या खोक्याच्या तळाला चिकटवितात, झाकणांना भोक पाडून ती काड्यांच्या टोकांवर घट्ट दाबून बसवितात आणि गाडी ओढतात. गाडी घसटत जाते. चाके फिरतच नाहीत. चाके ‘खराब’ आहेत, असा मुलांचा पहिला निष्कर्ष असतो. शिक्षकाची कसोटी या क्षणी लागते. उत्तर सांगण्याऐवजी गाडी उलटी करून चाक बोटाने फिरवून पाहावयास सांगावे.

थोड्या वेळाने दोन उपाय पुढे येतात. काही मुले झाकणाचे भोक मोठे करतात. मग काडी स्थिर राहते आणि चाक तिच्यावर फिरते. काही जण काडी शीतपेयाच्या नळीच्या तुकड्यातून ओवून ती नळी खोक्याला चिकटवितात. मग चाक काडीला घट्टच राहते आणि काडी चाकासह फिरते. दोन्ही उपाय बरोबर आहेत, आणि दोन्ही मोठ्या माणसांनीही योजिलेले आहेत. बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि चाके त्यावर फिरतात. रेल्वेच्या डब्याखाली चाके आसावर घट्ट बसविलेली असून आस त्यांच्यासह फिरतो. सात-आठ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या अडचणीतून या दोन रचना शोधल्यावर त्याला गावातली बैलगाडी किंवा स्थानकातली रेल्वे दाखवावी. त्याचे पाहणे बदललेले असते.

याच उपक्रमात आणखी एक चूक हमखास होते. एखाद्या झाकणाचे भोक मध्यावर न पडता कडेकडे पडते आणि गाडी चालताना लचकते. कंपासने मध्य काढून भोक दुरुस्त करावयास लावण्याचा मोह शिक्षकाला होतो. पण गाडीवर पुठ्ठ्याचा ससा चिकटविला की तीच गाडी उड्या मारणाऱ्या सशाची होते. मध्य सोडून फिरणारे चाक फिरण्याच्या गतीचे वरखाली हालचालीत रूपांतर करते. अभियंते त्याला कॅम म्हणतात आणि मोटारीच्या इंजिनातील झडपा अशाच कॅमने उघडतात. आता मुलांपुढे नवा प्रश्न ठेवता येतो : सशाने अधिक उंच उडी मारावी यासाठी काय करावे? भोक मध्यापासून आणखी दूर न्यावे, हे उत्तर मुले हातांनी शोधतात, पण फार दूर नेल्यावर चाक अडते, हेही तेव्हाच कळते. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हा सारा व्यवहार पूर्ण होण्यास सलग दोन तासिका लागतात. वेळापत्रकात तेवढी जागा नसेल तर हा उपक्रम न केलेलाच बरा, कारण अर्ध्यावर सोडलेली गाडी मुलाला फक्त अपयश शिकविते.

हात वर करणारा पुतळा

तरफेसाठी सी-सॉ हे नेहमीचे उदाहरण आहे, परंतु दोरी ओढताच हात-पाय उडविणारा पुठ्ठ्याचा पुतळा अधिक शिकवितो. पुठ्ठ्याचा हात खांद्यापाशी टाचणीने किंवा दोऱ्याच्या गाठीने बसवितात, हा टेकू. हाताचे थोडे टोक खांद्याच्या आतल्या बाजूस सोडून त्यात भोक पाडतात व दोरी बांधतात. दोरी खाली ओढली की आतले टोक खाली आणि पंजा वर जातो. टेकूच्या एका बाजूस बल आणि दुसऱ्या बाजूस भार, म्हणून ही पहिल्या प्रकारची तरफ. पण टेकूपासून दोरीचे भोक १ सेंटिमीटरवर आणि पंजा ८ सेंटिमीटरवर असेल, तर दोरी १ सेंटिमीटर ओढताच पंजा जवळजवळ ८ सेंटिमीटर हलतो. येथे यांत्रिक लाभ अवघा एकअष्टमांश आहे. पहिल्या प्रकारच्या तरफेचा लाभ एकापेक्षा अधिक, एकाएवढा किंवा कमीही असू शकतो, हे परीक्षेत वारंवार विचारले जाणारे विधान या पुतळ्यावर पडताळता येते.

मुलांना हे आकडे सांगावयाचे नाहीत. त्यांना सांगावयाचे ते एवढेच की पुतळ्याने अधिक जोरात सलाम ठोकला पाहिजे. ती भोक खांद्याजवळ सरकवितात आणि दोरी ओढणे जड झाल्याची तक्रार करतात. ती तक्रार म्हणजेच गॅलिलिओचे तत्त्व होय.

पट्टी आणि नाण्यांचा प्रयोग थोड्या मोठ्या मुलांसाठी राखून ठेवावा. ३० सेंटिमीटरची पट्टी मधोमध पेन्सिलीवर तोलून एका बाजूस टेकूपासून ६ सेंटिमीटरवर एकसारखी दोन नाणी ठेवली, तर दुसऱ्या बाजूस १२ सेंटिमीटरवरील एक नाणे त्यांना तोलून धरते. अनेक शिक्षक या प्रयोगात पेन्सिलच सरकवितात आणि मग हिशेब जुळेनासा होतो. पट्टीचे स्वतःचे वजनही आता एका बाजूस काम करू लागते, हे लक्षात घेतलेले नसते. टेकू मध्यावरच ठेवून नाणी सरकवावीत.

बार्बल इनहेल्डर आणि जाँ पियाजे यांनी तराजूच्या दांडीवरील प्रयोगांतून दाखविले की सात-आठ वर्षांचे मूल जड वस्तू मध्याकडे सरकवून तोल साधू शकते, परंतु वजन आणि अंतर यांचे व्यस्त प्रमाण साधारणपणे अकराव्या-बाराव्या वर्षानंतर पकडते. म्हणून पायाभूत स्तरावर, म्हणजे तीन ते आठ या वयात, ओढणे, ढकलणे, घरंगळविणे आणि बनविणे पुरेसे आहे. यंत्रांची नावे आली तर येऊ द्यावीत, विचारू नयेत. आठ ते अकरा या पूर्वतयारी स्तरावर तुलना आणि मोजणी यावी. सूत्राची घाई केल्यास मूल सूत्र पाठ करते, आणि हाताला आधीच समजलेल्या गोष्टीशी त्याचा संबंध जोडत नाही.

उरलेल्या यंत्रांपैकी उतरण मोजण्यास रबरबँड हा उत्तम काटा आहे. ६० सेंटिमीटर लांबीच्या फळीचे एक टोक २० सेंटिमीटर उचलले, तर घर्षणविरहित स्थितीत भाराच्या एकतृतीयांश बल लागते. खेळगाडी रबरबँडने ओढत वर नेताना आणि तशीच उभी उचलताना रबर किती ताणले जाते, ते मुले पट्टीने मोजू शकतात. दोऱ्याच्या रिळाची कप्पी करून काडेपेटीची लिफ्ट बनविता येते. एका स्थिर कप्पीने बल वाचत नाही, फक्त दिशा बदलते. भाराबरोबर वर सरकणारी कप्पी जोडली की निम्मे बल पुरते आणि दोरा दुप्पट ओढावा लागतो. कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळला की मळसूत्र म्हणजे गुंडाळलेली उतरण, हे डोळ्यांनी दिसते. पाचरीचे मनासारखे खेळणे प्रस्तुत लेखकास अद्याप गवसलेले नाही. तिच्यासाठी दप्तराची चेन पुरे : ती उघडताना सरकत्या तुकड्यातील पाचर दात विलग करते.

आधी मळलेल्या वाटा

स्थानिक व स्वस्त साहित्यातून शिकण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडल्या गेलेल्या नयी तालीममध्ये हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांना शंख-शिंपले, बिया, खडे, पाने असा पर्याय शोधला. ताराबाई आणि अनुताई वाघ यांचे हे काम पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत गेले.

विज्ञानशिक्षणात याहून मोठा प्रयोग मध्य प्रदेशात झाला. होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. सहावी ते आठवीची मुले प्रयोग करून निष्कर्ष स्वतः लिहीत आणि परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. आयआयटी कानपूरचे पदवीधर आणि पुण्यातील ट्रक कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन याच कार्यक्रमात गेले. आगकाड्यांची टोके सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीच्या तुकड्यांत खोचून आकृत्या जोडण्याची त्यांची युक्ती तेथेच आकारास आली. अशा रचनेत चौकोन कलतो आणि त्रिकोण ताठ राहतो, हे मुलाला दाबून पाहता येते. पुढे २००३ पासून दशकभर त्यांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनविण्याचे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील सुदर्शन खन्ना यांनी जत्रांमधील हलत्या लोकखेळण्यांचा संग्रह केला. त्यांचे ‘जॉय ऑफ मेकिंग इंडियन टॉइज’ हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले आहे.

धोरण आणि वर्ग यांतील अंतर

अलीकडच्या धोरणांचा क्रम परीक्षार्थींना माहीत असावा. आयात खेळण्यांवरील मूलभूत सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह बंधनकारक झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेले कारागीर आणि भौगोलिक मानांकनप्राप्त खेळणी यांना सूट मिळाली. चन्नपट्टण, कोंडापल्ली, एटिकोप्पाका येथील लाकडी खेळण्यांना असे मानांकन आहे. २०२१ मध्ये टॉयकेथॉन आणि भारत खेळणी मेळा भरला. एनसीईआरटीने २०२२ मध्ये खेळणी-आधारित अध्यापनाची मार्गदर्शिका काढली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वयोगटासाठी ‘जादुई पिटारा’ हा साहित्यसंच सादर झाला.

या क्रमात उद्योग आणि शिक्षण असे दोन हेतू एकत्र आले आहेत. कारागिराला बाजार मिळणे आणि मुलाला यंत्र समजणे या दोन्ही इष्ट गोष्टी आहेत, पण एक साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते असे नाही. स्वतः रचना करण्याची संधी देणारी मोठी योजना म्हणजे २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा. प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान असलेल्या या प्रयोगशाळा सहावी ते बारावीसाठी आहेत, आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत शासकीय शाळांमध्ये आणखी ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. पहिली ते पाचवीचे मूल या योजनेच्या बाहेर आहे. त्याला यंत्रसामग्री नकोच आहे. त्याला पुठ्ठा, दोरा, सलग दोन तासिका आणि न बोलता वाट पाहू शकणारा शिक्षक हवा आहे.

एक व्यावहारिक अडचण धोरणात कोठे दिसत नाही, पण शाळेत पाऊल टाकताच दिसते. शाळेस मिळालेला साहित्यसंच जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंदविला जातो. त्यातील वस्तू हरवली किंवा मोडली तर जबाब द्यावा लागेल या धास्तीने मुख्याध्यापक तो कपाटात सुरक्षित ठेवतात, आणि तपासणीच्या दिवशी तो नव्यासारखाच बाहेर येतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मोडणे हा शिकण्याचा भाग आहे, हे नोंदवहीच्या रकान्यांना ठाऊक नसते. अध्यापन साहित्यातील काही भाग वापरून संपणारा म्हणून खर्ची टाकण्याची स्पष्ट मुभा दिली, तर ही अडचण पुष्कळ अंशी दूर होईल. सुरक्षिततेची जबाबदारी मात्र शिक्षकाचीच राहते : भोके पाडणे आणि कापणे हे त्याने स्वतः करावे, व तीन वर्षांखालील मुलांजवळ झाकणे, नाणी, टाचण्या ठेवू नयेत.

मूल्यमापनाचा मार्ग धोरणात उपलब्ध आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुचविलेल्या समग्र प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींचे मूल्यमापन यांना स्थान आहे. डस्टर वाहणाऱ्या गाडीबाबत त्याचा उपयोग असा करता येतो : न चाललेली पहिली गाडी फेकून न देता तिच्यावर गटाचे नाव व दिनांक लिहून ठेवावा, चाललेली गाडी तिच्याशेजारी ठेवावी, आणि काय बदलले ते मुलाने एका वाक्यात, त्याच्या बोलीत सांगावे. दुसऱ्या गटाने ते वाक्य ऐकून तशीच गाडी बनवून पाहावी. ती चालली नाही तर वाक्य अपुरे आहे. मग पहिल्या गटाने ते पुन्हा सांगावे.